रोबोट रंगवायचा तर आधी जेसीबी बघा

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी छोट्या मूर्ती जोडायला आणि रंगवायला शिकायचं असेल, तर पहिला नग रोबोटचा घ्या. माणसाची मूर्ती घेतली की चेहरा आला, चेहऱ्यात डोळे आले, आणि २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या डोळ्यात बुबुळ टेकवताना नवख्याचा हात थरथरतो. शूर दिसायचा गडी चकणा दिसतो. रोबोटच्या बाबतीत ही कटकट नाही. सरळ पत्रे, सांधे, पाइप, नटबोल्ट. रंग जरा बाहेर गेला तर तिथे गंज दाखवून मोकळं होता येतं. अवघड आहे ते वेगळंच. रोबोट हे यंत्र आहे आणि ते कामावरचं यंत्र वाटायला हवं. आजच डब्यातून काढल्यासारखा तो चकाकला, की सगळी मेहनत फुकट.

कामावरची यंत्रं फुकटात आणि जवळून बघायची तर भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीसारखी जागा नाही. हजिऱ्याहून पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना सहा नंबर, गावातूनच जातो. टिप्पर, जेसीबी, पोकलेन, रोवणीच्या दिवसांत चिखलणीचे ट्रॅक्टर, धान कापणीला हार्वेस्टर. त्यांच्याकडे वळू या, पण रंगाची वेळ आल्यावर. आधी जोडणी.

काय मागवायचं

खेळण्यातल्या शिपायांचं युद्ध नियम घालून खेळण्याचा नाद जुना आहे. एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे त्याचं पुस्तकच लिहिलं. विज्ञानकथेतले रोबोट या टेबलावर ठाण मांडून बसले ते १९८०च्या दशकात. १९८४ साली अमेरिकेत 'बॅटलड्रॉइड्स' नावाचा खेळ आला. 'ड्रॉइड' या शब्दावर 'स्टार वॉर्स'वाल्यांनी हक्क सांगितल्यावर त्याचं नाव 'बॅटलटेक' झालं. १९८७ साली इंग्लंडमध्ये गेम्स वर्कशॉपचा 'वॉरहॅमर ४०,०००' आला. बॅटलटेकच्या अवाढव्य यंत्रांत चालक बसलेला असतो, तेव्हा काटेकोर बोलायचं तर ते रोबोट नव्हेतच. पण रंगवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

किट ऑनलाइनच मागवावं लागतं. मागवण्याआधी प्रमाण बघून घ्या, कारण फोटोत सगळे रोबोट सारखेच मोठे दिसतात. बॅटलटेकचं प्रमाण साधारण १:२८५ आहे. त्यातलं चार मजली यंत्र तुमच्या तळहातावर जेमतेम दीड-दोन इंचांचं भरतं. वॉरहॅमरसारख्या खेळातली माणसं २८ ते ३२ मिलिमीटरची, म्हणजे त्यांच्या शेजारी उभा राहणारा लढाऊ रोबोट चांगला वीतभरही असू शकतो. दोन प्रमाणांचे नग एका टेबलावर आले की खेळाची मजा जाते.

निव्वळ जोडणीचा हात बसवायचा असेल तर जपानच्या बान्दाई कंपनीचं गुंडम किट घ्या. ही किट १९८० पासून निघताहेत. हल्लीची हाय ग्रेड किट १:१४४ प्रमाणाची असतात आणि खटकन एकमेकांत बसतात, गोंद लागत नाही. ती युद्धखेळासाठी बनलेली नाहीत, सांधे हलते असल्याने रंग घासला जातो. पण निप्पर कसा धरायचा आणि नकाशा कसा वाचायचा हे त्यांच्याइतकं दुसरं काही शिकवत नाही.

पहिल्या फेरीत एकच नग मागवा. अख्खी पलटण मागवणाऱ्याच्या कपाटात ती पलटण वर्षभर करड्या प्लास्टिकमध्येच उभी राहते. नियमांसाठी पैसे मोजायची घाई नको. 'वन पेज रूल्स'चे मूळ नियम मोफत मिळतात आणि कुठल्याही कंपनीच्या मूर्ती चालतात. २०२१ साली आलेल्या 'स्टारग्रेव्ह'लाही अमुकच मूर्ती हव्यात असा हट्ट नाही.

किट न घेताही रोबोट बनतो, हे शाळकरी मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली रद्दी, बॉलपेनच्या स्प्रिंगा, घड्याळाची चाकं, गोळ्यांच्या पाकिटाचे प्लास्टिकचे फुगे, न वापरलेल्या सिरिंजचा दट्ट्या. दट्ट्या म्हणजे तयार हायड्रॉलिक. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधली यानं अशीच सजली होती: रणगाड्यांच्या आणि विमानांच्या बाजारी किटमधले सुटे भाग काढून ते यानांच्या पाठीवर चिकटवले होते. पडद्यावर ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यावर एकच रंग चढला होता. भंगारातल्या रोबोटलाही हाच उपाय लागू पडतो. प्रायमरचा एक थर बसला की सिरिंज सिरिंज राहत नाही.

काप, घासणं, डिंक

हत्यारांसाठी पुण्या-मुंबईला जायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाले वायर कापायला वापरतात तो छोटा निप्पर, कागद कापायचा कटर, हार्डवेअरच्या दुकानातला ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, आणि सोनार वापरतात तशा बारीक कानशींचा संच. एवढ्यात काम होतं.

भाग ज्या चौकटीत येतात, तिच्यापासून ते दोन वेळा कापून सोडवायचे. पहिला काप भागापासून जरा लांब, चौकटीच्या बाजूला. भाग सुटा झाला की उरलेला खुंट निप्परची सपाट बाजू भागाकडे धरून काढायचा. एका झटक्यात भागाला लागून कापलं तर प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग पडतो; कधी चक्क टवका निघतो. भाग कधीही पिरगाळून तोडू नका.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच सगळे टाळतात. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे भागावर एक बारीक रेघ उठते. करड्या प्लास्टिकवर ती दिसत नाही. ड्रायब्रश, म्हणजे रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश, फिरवला की मात्र हाताच्या मधोमध उभी शीर उमटावी तशी उठून येते. कटरच्या पात्याची पाठ त्या रेघेवरून हलक्या हाताने ओढा, धार नव्हे. प्लास्टिकचा बारीक भुगा निघेल. मग ६०० नंबरचा पेपर ओला करून दोन-चार वेळा फिरवा. रोबोटच्या अंगावर सपाट पत्रे जास्त, म्हणून ही रेघ माणसापेक्षा रोबोटवर जास्त खटकते. माणसाच्या अंगरख्याच्या चुण्यांत ती लपून जाते, इथे लपायला जागा नाही. घासून झालं की सगळे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सोलून निघतो.

डिंकाची निवड प्लास्टिक बघून करायची. किटचं कडक प्लास्टिक बहुतेकदा पॉलिस्टायरीन असतं, आणि त्याला प्लास्टिक सिमेंट लागतं. हा द्रव चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतो. वाळल्यावर सांधा म्हणून काही उरतच नाही. दोन भाग जुळवून धरा आणि फटीच्या तोंडाशी ब्रशचं टोक टेकवा, द्रव आपोआप आत ओढला जातो. बोट मात्र फटीवर ठेवू नका, नाहीतर तुमच्या अंगठ्याचा ठसा रोबोटच्या छातीवर कायमचा कोरला जाईल. रेझिन आणि धातूच्या मूर्तींवर प्लास्टिक सिमेंट चालत नाही, तिथे फेवीक्विक. फेवीक्विकचा सांधा ताठ पण ठिसूळ असतो. खाली पडला की तिथेच तुटतो. म्हणून जड हातांच्या सांध्यात दोन्हीकडे एक मिलिमीटरचं भोक पाडून पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा बसवावा.

फेवीक्विक हवेतल्या ओलाव्याने आवळतो. त्यामुळे आपल्याकडे मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो आणि श्रावणात हात काढायच्या आत बसतो. पावसाळ्यात त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट धूर बसल्यासारखा थर येतो, तेव्हा थेंब नव्हे, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच घ्या. सांडलेला फेवीक्विक कापसाने पुसू नका. कापसावर तो इतका तापतो की चटका बसतो, धूर निघतो. आणि नेलपॉलिश रिमूव्हरने बोटं सोडवता येतात म्हणून तोच मूर्तीवर लावू नका. त्यातलं अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीन खाऊन टाकतं. पेंटच्या दुकानातल्या थिनरचीही तीच गत.

फटी राहिल्याच तर लहान फटीत खाण्याच्या सोड्याची चिमूट भरून वर फेवीक्विकचा बारीक थेंब सोडा, क्षणात दगड होतो. मोठ्या फटीला एमसील. त्याचे दोन रंग पूर्ण एकजीव होईपर्यंत मळा आणि ओल्या काडीने दाबा, कोरड्या काडीला तो चिकटतो. बाहेर आलेला भाग ओला असतानाच काढा; नंतर घासत बसण्यात संध्याकाळ जाते.

सगळं एकदम जोडू नका. आधी डिंकाशिवाय अख्खा रोबोट उभा करून बघा. वजन कुठल्या पायावर आहे? पाच टनांचं यंत्र एक पाय उचलून चालत असेल तर कंबर दुसऱ्या पायाच्या वर सरकलेली हवी, नाहीतर ते आत्ता पडेल असं वाटतं. पायांचा आणि धडाचा भाग आधी जोडा. बंदुकीचा हात, छातीआडचं इंजिन, पाठीवरची टाकी सुटीच ठेवा आणि वेगळी रंगवा. जिथे ब्रश पोहोचणार नाही ते नंतर जोडायचं, हिशेब इतकाच. सुटे भाग धरायला जुन्या औषधाच्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेप पुरते. जिथे पुढे डिंक लागणार तिथे रंग चढू देऊ नका, कारण प्लास्टिक सिमेंट रंगावर चालत नाही.

प्रायमर आणि आपलं हवामान

अ‍ॅक्रिलिक रंग उघड्या प्लास्टिकला धरून राहत नाही, नखाने निघतो. म्हणून आधी प्रायमर. इथे परदेशी पुस्तकांतले सल्ले आपल्याकडे उपयोगी पडत नाहीत, कारण ते लिहिणारा माणूस थंडीने आखडलेल्या गॅरेजची काळजी करत असतो. आपली काळजी दोन टोकांची. उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा स्प्रेचे कण मूर्तीपर्यंत पोहोचेतो हवेतच वाळतात आणि अंगावर वाळू फासल्यासारखा खरखरीत थर बसतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी रंगात अडकतं आणि थर पांढुरका, धुरकट होतो. सगळ्यांत चांगले दिवस दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंत, दव उडून गेल्यावर सकाळी दहा-अकराला. वर्षाचं प्रायमर त्याच दिवसांत उरकावं. उन्हाळ्यात मारायचंच असेल तर पहाटे. पावसाळ्यात स्प्रेचा डबा हातात घेऊच नका. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, तो दोन पातळ हातांत लावा.

डबा दोन मिनिटं हलवा. मूर्तीपासून वीतभरापेक्षा जास्त, २० ते २५ सेंटिमीटरवर धरा. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवा. एका हातात झाकायचा प्रयत्न केला की बारीक नक्षी बुजते. खालून उलटं धरूनही एक हात मारा. तोंडाला मास्क लावा, अंगणात मारा आणि डबा उन्हात विसरू नका.

गॅरेजमध्ये गाड्यांना मारतात तो राखाडी सरफेसर काही जण वापरतात. काही डब्यांतलं सॉल्व्हंट सौम्य असतं, काहींतलं नाही. आधी चौकटीच्या तुकड्यावर मारून रात्रभर ठेवा. तुकडा मऊ पडला तर तो डबा गाडीसाठीच ठेवा. थर्माकोलच्या टेकड्यांवर मात्र कुठलाही सॉल्व्हंटचा स्प्रे नको, थर्माकोल डोळ्यांदेखत वितळतं. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीला लावायचा ऑइल पेंट घरात उरलेला असतो, तोही इथे नको. नंदीवर तो शोभतो. इंचभराच्या छातीवरचे बोल्ट त्याच्या जाड थराखाली गाडले जातात आणि वाळायला दिवस लागतो तो वेगळा.

थ्रीडी प्रिंटिंगने काढलेल्या मूर्ती हल्ली मिळतात, त्यांच्याबद्दल एकच सूचना. पीएलए प्लास्टिकची मूर्ती साधारण ६० अंशांवर मऊ पडते. मे महिन्यात काच लावून उभ्या केलेल्या गाडीत ती ठेवली तर रोबोट वाकून नमस्कार करताना सापडेल. टिनाच्या छपराखालची फळीही तिच्यासाठी धोक्याचीच.

रंग

कॅमलिन किंवा फेवीक्रिलचे अ‍ॅक्रिलिक रंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि शिकायला ते पुरेसे आहेत. मूर्तींसाठी बनवलेल्या रंगांपेक्षा ते घट्ट असतात आणि त्यांचे कण जाडसर असतात, म्हणून पाणी घालून दुधाइतके पातळ करायचे आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यायचे. पहिल्या हातात खालचा प्रायमर दिसणारच, घाबरू नका. रोबोटच्या सपाट पत्र्यावर ब्रशचे ओरखडे लगेच दिसतात, तेव्हा एका पत्र्यावर एकाच दिशेने ब्रश चालवा आणि वाळत आलेल्या रंगावर पुन्हा फिरवू नका. ब्रश घेताना नंबरापेक्षा टोक बघा. तीन शून्यांचा ब्रश कागदावर मोहक वाटतो, पण त्याच्या चार केसांतला रंग मूर्तीपर्यंत जाईतो वाळतो. चांगल्या टोकाचा एक नंबरचा ब्रश बारीक रेघ जास्त खात्रीने ओढतो.

उन्हाळ्यात पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत सुकतो, त्यावर ओला पॅलेट हा खरा इलाज. टिफिनच्या चपट्या डब्यात पातळ स्पंज किंवा घडी केलेला टिश्यू पेपर पसरा, पाण्याने पूर्ण भिजवा, वर बटर पेपर अंथरा आणि त्यावर रंग घ्या. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही तोच रंग चालतो. पावसाळ्यात मात्र डबा बंद ठेवून विसरलात तर बुरशी येते.

धातूच्या भागांना खाली काळा प्रायमर द्या आणि वर चंदेरी रंग पूर्ण न झाकता लावा. खाचांत काळं राहिलं तर अर्धं काम आयतं होतं. चंदेरी रंगात चकाकणारे बारीक पापुद्रे असतात. त्यात बुडवलेला ब्रश ज्या पाण्यात धुतला ते पाणी टाकून द्या, नाहीतर पुढच्या पिवळ्या रंगात चांदणं पडतं.

रंगसंगतीचा फार विचार करू नका. एक मुख्य रंग, एक धातू, आणि डोक्यावर किंवा खांद्यावर एक भडक पट्टा. खेळताना मूर्ती दोन-तीन फुटांवरून बघितली जाते, तेव्हा कुठली पलटण कोणाची हे पट्ट्यावरूनच कळतं.

पत्र्यांमधल्या खाचा उठवायला माझी पसंती तैलरंगाला. आधी रंगावर चमकदार व्हार्निशचा पातळ हात देऊन एक दिवस वाळू द्या. मग बर्न्ट अंबर तैलरंगाचा वाटाण्याएवढा गोळा टर्पेंटाइनमध्ये इतका सैल करा की तो शाईसारखा पळेल. बारीक ब्रशचं टोक खाचेत टेकवा. रंग खाचेतून आपसूक धावत जातो, बोल्टभोवती वळसा घालतो आणि थांबतो. बाहेर सांडलेला अर्ध्या तासाने कापसाच्या काडीवर टर्पेंटाइनचा ओलावा घेऊन पुसा. व्हार्निश न देता टर्पेंटाइन उघड्या प्लास्टिकवर गेलं तर ताण असलेल्या सांध्यांना तडे जाऊ शकतात, ती पायरी गाळू नका.

डोळ्याच्या जागी भिंग असेल तर वरून गडद, खाली उजळ असा उतार द्या आणि वरच्या गडद भागात पांढरा एक ठिपका. काचेवरचा उजेड असाच पडतो. लहान मुलं इथे उलटं करतात आणि भिंगाऐवजी गोळी दिसते.

झीज कुठे होते

आता जेसीबी. रस्त्याच्या कडेला उभा असेल तेव्हा ऑपरेटरला विचारून जवळ जा आणि मोबाइलवर फोटो काढा, पूर्ण यंत्राचे नकोत, हातभर अंतरावरून तुकड्यांचे.

बकेटच्या दातांवर आणि ओठावर रंग औषधालाही नसतो. तिथे लोखंड घासून पांढरं, जवळजवळ चांदीसारखं झालेलं असतं, कारण रोज माती त्याला पॉलिश करते. गंज तिथे नाही. गंज आहे तो बकेटच्या आतल्या कोपऱ्यात आणि जिथे रंगाचा पोपडा उडाला पण घासलं जात नाही तिथे. हायड्रॉलिकचा दांडा कायम चकचकीत, त्यावर ना रंग ना गंज. त्याच्या तोंडाशी मात्र तेलाची काळी कड आणि तिला धरलेली धूळ. पिनांभोवती ग्रीस बाहेर आलेलं, त्यात मुरूम रुतलेला. चढायच्या पायरीवर आणि मुठीवर रंग माणसाच्या बुटांनी आणि तळव्यांनी गेलेला, तोही ठरावीक जागीच. वरचे आडवे पत्रे उन्हाने फिकट, खालचे आणि आतले मूळ पिवळे. नटाखालून निघालेला गंजाचा ओघळ सरळ खाली, कधीही तिरका नाही.

हे सगळं इंचभराच्या रोबोटवर जसंच्या तसं उतरवता येतं. टवके दाखवायला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिमटीत धरा, गडद तपकिरी रंगात टेकवा, कागदावर बहुतेक रंग उतरवा आणि उरलेला कडांवर हलकेच टिपा. तुमच्या रोबोटचे हात जमिनीवर टेकत असतील तर टवके बोटांवर. तो दारं फोडत असेल तर खांद्यांवर. पाठीवर उगाच टवके मारू नका, पाठ कशाला घासेल? मोठ्या टवक्याच्या मध्यभागी चंदेरी ठिपका आणि खालच्या कडेला मूळ रंगाची उजळ रेघ दिली की रंगाच्या थराला जाडी येते. ओघळाला तैलरंगाचा टाचणीएवढा ठिपका ठेवून टर्पेंटाइनच्या ओलसर ब्रशने वरून खाली ओढा. एक्झॉस्टपाशी काजळी: खऱ्या पेन्सिलीचं शिसं किसून बोटाने चोळलं तरी काम होतं.

चिखलाची रीत रोवणीच्या दिवसांत केजव्हीलवाला ट्रॅक्टर बांधीतून निघून डांबरावर आला की कळते. चाकावरचा ताजा चिखल गडद आणि ओला चमकणारा, वर मडगार्डवर उडालेला वाळून फिकट राखाडी झालेला. म्हणजे एकाच चिखलाचे दोन रंग, आणि वरचा फिकट. रंगवणारे बहुतेक जण पायांना एकाच तपकिरी रंगात बुडवतात आणि रोबोट चॉकलेटमध्ये उभा राहिल्यासारखा दिसतो. आधी फिकट राखाडी-तपकिरी रंगाचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत, जुन्या ब्रशवर बोट ओढून उडवा. मग तळव्यांना गडद रंग आणि सगळ्यांत शेवटी, मॅट व्हार्निश झाल्यावर, फक्त तळव्यांच्या चिखलावर चमकदार व्हार्निशचे दोन-चार थेंब. ओल तिथेच दिसते.

झीज किती दाखवायची यावर हौशी लोकांत वाद चालतो. माझा कल कमीकडे आहे. चालतं यंत्र मालक राखतो. सगळीकडून गंजलेलं यंत्र भंगारात असतं, लढाईत नसतं.

पायाखालची जमीन

मूर्तीच्या तळाखाली हार्डवेअरमधला लोखंडी वॉशर चिकटवा. वजन येतं, मूर्ती कलंडत नाही आणि पुढे चुंबकाला धरते. वर फेवीकॉल पाण्यात सैल करून लावा आणि बारीक रेती टाका. चुलबंद नदीच्या पात्रातली रेती चहाच्या गाळणीने गाळली की प्रमाणात बसते. अंगणातली माती घेतलीत तर तव्यावर खरपूस भाजून घ्या, नाहीतर तिच्यातली किड्यांची अंडी तुमच्या कपाटात उबतात. वाळल्यावर पातळ फेवीकॉलचा आणखी एक हात, मग रंग. खरी माती असली तरी रंगवाच. न रंगवलेली माती मूर्तीशेजारी परकी दिसते.

परदेशी मूर्तींच्या पायाखाली नेहमी बर्फ किंवा मंगळाची लाल धूळ असते. तुमच्या रोबोटला धानाच्या बांधीत उभं करायला कोणाची हरकत आहे? सुतळीचे तंतू मोकळे करून छोट्या जुड्या करा, फेवीकॉलने जवळजवळ रोवा, वाळल्यावर वरून दोन-तीन मिलिमीटरवर कात्रीने सपाट छाटा आणि फिकट पिवळा ड्रायब्रश द्या. कापणीनंतरचं शेत तयार. एका कडेला एमसीलचा धुरा घाला. जंगल हवं असेल तर वाळलेल्या पानाचा चुरा सागाच्या पातेऱ्यासारखा पसरतो. तो परसातलाच घ्या, नागझिरा अभयारण्यातून काही उचलून आणू नका.

खेळायला निघताना

खेळायच्या मूर्तीला हात लागणारच, म्हणून आधी चमकदार व्हार्निशचा एक थर मजबुतीसाठी आणि वर मॅटचा एक थर. मॅट स्प्रे पावसाळ्यात हमखास पांढरा पडतो, ब्रशने लावा. भिंगावर आणि हायड्रॉलिकच्या दांड्यावर शेवटी चमकदार व्हार्निश पुन्हा टेकवा.

न्यायला मिठाईचा पत्र्याचा डबा घ्या. डब्याला चुंबक चिकटतो का, ते आधी बघा. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर उपयोग नाही. वॉशरखाली चुंबकाची चकती लावली की एसटीच्या धक्क्यांतही मूर्ती जागची हलत नाही. डब्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. किटमधली प्लास्टिकची अँटेना पहिल्याच खेळात मोडते, ती आधीच कापून गिटारची पातळ तार बसवावी. टोकाला डिंकाचा थेंब ठेवा, कोणाच्या डोळ्याला लागायला नको.

या खेळांत अंतरं बहुधा इंचांत मोजतात, तेव्हा शिंप्याची टेप जवळ असू द्या. आणि हात तुटलाच, तर तुटलेल्या सांध्यावरचा जुना फेवीक्विक कटरने खरवडून पूर्ण काढा, भोक पाडून तार घाला आणि मगच नवा थेंब द्या. जुन्या थरावर नवा लावलेला सांधा दुसऱ्या डावापर्यंत टिकत नाही. जोड दिसत असेल तर तिथे ग्रीसचा काळा डाग द्या, खऱ्या यंत्रातही तो तिथेच असतो.